सव्वा मिलिमीटरची वेस

बाजारात मिळणाऱ्या साध्या मच्छरजाळीचं एक भोक साधारण सव्वा मिलिमीटरचं असतं. एका इंचात एका बाजूला अठरा आणि दुसऱ्या बाजूला सोळा धागे बसतात. धाग्यांची जाडी वजा केली की उरते ती एवढीशी चौकट. वाऱ्याला ती पुरते, उजेडाला पुरते, डासाला पुरत नाही. नांदेड-लातूरकडच्या नव्या घरांत सरकत्या खिडकीचा तिसरा पल्ला याच जाळीचा असतो. आणि जून लागला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते: जाळी बसवली, तरी किडे येतात कुठून?

या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण खिडकीशी येणारा प्रत्येक किडा वेगळ्या कारणानं आलेला असतो. कुणी उजेडानं फसून आलेला असतो, कुणी आपल्या श्वासाचा माग काढत, तर कुणी खिडकीतून आलेलाच नसतो. तो घरातच जन्मलेला असतो. ही कारणं एकेक करून समजून घेताना मी थक्क होत गेलो.

पहिला मान पावसाळी पाखरांचा. मृगाचा पाऊस होतो, भेगाळलेली काळी जमीन ओल पिऊन फुगते, आणि एखाद्या दमट, वारा पडलेल्या संध्याकाळी दिव्याभोवती लांब पंखांची पाखरं दाटतात. सकाळी ओसरीवर पंखांचा खच. ही पाखरं म्हणजे वाळवीच. एरवी वारुळातली कामकरी वाळवी पांढुरकी, आंधळी, उन्हाला भिणारी. पण त्याच वारुळात काही जणांना डोळे आणि पंख फुटेपर्यंत वाढवलेलं असतं आणि पावसाची वाट बघत आत थांबवून ठेवलेलं असतं. जमीन भिजली की कामकरी वाळवी आतून वाटा मोकळ्या करते, आणि परिसरातल्या कित्येक वारुळांमधून पाखरं एकाच वेळी बाहेर पडतात. एकाच वेळी पडतात म्हणून दुसऱ्या वारुळातला जोडीदार भेटतो. आणि बेडूक, पाली, कोतवाल पक्षी पोट फुटेस्तोवर खात असले तरी थोडी पाखरं वाचतात. उडण्याचा सोहळा फार तर तास-अर्ध्या तासाचा. मग पंख स्वतःच झटकून टाकायचे, मादीच्या मागोमाग नरानं चालत जायचं, आणि ओल्या मातीत बीळ करून दोघांनी कायमचं खाली उतरायचं. पुढे लाखोंचं वारूळ वसवणारी राणी आकाश पाहते ते आयुष्यात त्या एका संध्याकाळी.

आपल्या फरशीवर उतरलेली जोडी मात्र फसलेली असते. तिला ओली माती हवी. शहाबादी किंवा टाइल्स तिच्या काही कामाच्या नाहीत. बहुतेक पाखरं सकाळपर्यंत वाळून मरतात. म्हणून ‘पाखरं घरात आली, आता दारं-कपाटं खाणार’ ही भीती बरीचशी अनाठायी आहे. लाकडाला लागणारी वाळवी सहसा जमिनीखालून, भिंतीच्या कडेनं मातीची नळी बांधत येते. खिडकीतून उडत ती येत नाही.

पण मुळात ही पाखरं दिव्यापाशी येतात का? पतंग आणि ज्योत यांवर कवींनी शतकानुशतकं लिहिलं. शास्त्रज्ञ म्हणत की कीटक चंद्राच्या आधारानं दिशा ठरवतात आणि दिव्याला चंद्र समजतात. काहींचं म्हणणं, त्यांना ऊब हवी असते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात सॅम्युएल फेबियन, यश सोंधी आणि सहकाऱ्यांचं संशोधन आलं आणि या जुन्या कोड्याला नवी दिशा मिळाली. त्यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीच्या कीटकांचं उडणं टिपलं, प्रयोगशाळेत आणि कोस्टारिकाच्या जंगलातही. दिसलं असं, की कीटक दिव्याच्या दिशेनं धाव घेतच नाहीत. ते दिव्याकडे पाठ करतात.

याचं कारण फार जुनं आहे. कोट्यवधी वर्षं पृथ्वीवर एक गोष्ट कधी बदलली नाही: दिवस असो वा रात्र, वरचं आकाश खालच्या जमिनीपेक्षा उजळ असतं. एवढासा जीव हवेत गिरक्या घेत असताना वर कुठलं आणि खाली कुठलं हे त्याला वजनावरून नीट कळत नाही. म्हणून त्यानं एक नियम अंगी बाणवला: उजेडाकडे पाठ ठेव, म्हणजे तू सरळ उडत असशील. हा नियम अमावास्येच्या रात्रीही चुकत नाही. तो चुकतो आपल्या बल्बपाशी. दिवा बाजूला आला की कीटक त्याच्याकडे पाठ वळवण्यासाठी कलंडतो, कलंडला की वळतो, वळला की पुन्हा दिवा बाजूलाच. तो घिरट्या घालत राहतो, सुटूच शकत नाही. उजेड खालून असला तर काही कीटक हवेतच उलटे होतात आणि जमिनीवर आपटतात. दिवा त्यांना ओढत नाही. दिवा त्यांचं आकाश चुकीच्या जागी आणून ठेवतो.

या संशोधनात अपवादही होते. त्यांतला एक, कण्हेरीच्या पानांवर वाढणारा मोठा, हिरव्या नक्षीचा पतंग. त्याला उजेडावरून उडवलं तरी तो बिचकला नाही, सरळ निघून गेला. तो या फसवणुकीतून सुटतो, हे वाचल्यापासून दारातल्या कण्हेरीकडे मी निराळ्या आदरानं बघतो.

हे कळलं की खिडकीचं निम्मं काम सोपं होतं. अंधाऱ्या रात्री उजळलेली खोली म्हणजे बाहेरच्या किड्यांसाठी आडवं आकाश. जाळी असली तरी ते तिच्यावर येऊन बसतात आणि फट सापडेपर्यंत सरकत राहतात. म्हणून पाखरं सुटलेल्या संध्याकाळी तासभर खोलीतला दिवा मालवणं हा आपल्या आज्यांचा उपाय शास्त्राला धरून आहे. दिव्याखाली पाण्याची परात ठेवण्याचा उपायही तसाच. अतिनील आणि निळसर उजेडाला कीटक जास्त भुलतात, पिवळसर उजेडाला कमी. म्हणून दारावर पांढऱ्याऐवजी पिवळट एलईडी बरा, आणि तोही दाराच्या अगदी डोक्यावर नको, थोडा लांब भिंतीवर.

शेतकऱ्याला हीच फसवणूक कामाला येते. हुमणीचे भुंगेरे पहिल्या वळिवानंतर जमिनीतून निघतात आणि संध्याकाळी बाभळी-कडुनिंबावर जमतात. त्यांच्यासाठी शेतात प्रकाश सापळा लावतात: दिवा आणि खाली रॉकेल टाकलेलं पाणी. ज्याचं शेत घराला लागून आहे, त्याच्या घराची खिडकीही नकळत सापळ्याचं काम करत असते.

सापडणाऱ्यांत एक किडा मात्र ओळखून ठेवायला हवा. लांबट, जेमतेम सेंटिमीटरभर, काळे आणि नारिंगी पट्टे, लांबून मुंगीच वाटावा. त्याचं शास्त्रीय नाव पेडेरस. तो चावत नाही, डंखही मारत नाही. पण मानेवर बसला आणि आपण झोपेत चिरडला, तर दुसऱ्या दिवशी तिथं भाजल्यासारखा लाल पट्टा उठतो. त्याच्या रक्तातलं विष हे करतं, आणि ते विष किडा स्वतः बनवतच नाही. त्याच्या अंगात राहणारे जिवाणू ते बनवतात. अंगावर दिसला तर फुंकरीनं किंवा कागदानं उडवावा आणि ती जागा साबणानं धुवावी. हा किडा अंगानं सडपातळ असतो, जाळीत नाही तर जाळीच्या कडेच्या फटीत त्याला सहज वाट मिळते.

फटींचं तसं बरंच काही आहे. तीन पट्ट्यांच्या सरकत्या खिडकीत जाळी लावली आणि काच अर्धीच सरकवली, तर जाळीचा पल्ला आणि काचेचा पल्ला यांच्यामध्ये बोटभर उभी फट राहते. काच पूर्ण एका बाजूला जायला हवी. चौकटीच्या तळाशी पावसाचं पाणी जाण्यासाठी भोकं असतात. ती बुजवली तर पाणी आत येतं, उघडी ठेवली तर मुंग्या-झुरळं. त्यावर जाळीचा तुकडा चिकटवला की दोन्ही साधतं. एसीच्या नळीचं भोक, न्हाणीघरातल्या तिरक्या काचा, दाराखालची फट: जाळीवर खर्च करून या जागा तशाच ठेवल्या तर वेस बंद आणि तट पडलेला अशी गत होते.

आता डास. डासाला उजेडाशी फारसं देणंघेणं नाही. मादी आपल्याला शोधते ती उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडवरून, कित्येक मीटर लांबून. जवळ आल्यावर घामाचा वास, त्वचेची ओल आणि ऊब तिला वाट दाखवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की डेंगीचा एडिस डास माणसाच्या अंगातून निघणारी अवरक्त किरणंही ओळखतो, साधारण दोन-सव्वादोन फुटांवरून. म्हणजे खिडकीलगत पलंग असेल, तर जाळीच्या पलीकडे बसलेल्या मादीला आपण अंधारातही जाणवत असतो. हात जाळीला टेकला की ती जाळीतून सोंड घालते. पलंग हातभर सरकवणं हाही बंदोबस्तच. आणि पंखा: डास दुबळे उडणारे आहेत, पंख्याचा वारा त्यांना सरळ येऊ देत नाही आणि आपल्या श्वासाचा मागही विखरून टाकतो. वीज गेल्यावर डास एकदम वाढल्यासारखे वाटतात ते उगाच नाही.

डासाला खिडकीबाहेर ठेवलं तर काय होतं, हे जगाला कळलं त्या कथेचा पहिला भाग आपल्या शेजारी घडला. नांदेड आणि लातूर तेव्हा हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होते, आणि त्याच राज्यातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डास चिरत बसला होता. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला डास चावून घेण्यासाठी तो डासामागे एक आणा देई. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासाच्या पोटाच्या भिंतीत त्याला मलेरियाच्या जंतूच्या वाढीच्या खुणा दिसल्या. रोग दलदलीच्या रात्रीच्या हवेतून येतो ही हजारो वर्षांची समजूत त्या दिवशी ढासळू लागली. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं.

पण लोकांना पटवायचं कसं? १९०० च्या उन्हाळ्यात लुई सॅम्बन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर मलेरियासाठी कुप्रसिद्ध असलेल्या रोमजवळच्या ओस्टियाच्या दलदलीत राहायला गेले. बरोबर इंग्लंडमध्ये तयार करून आणलेली लाकडी झोपडी, तिच्या दारा-खिडक्यांना तारेची बारीक जाळी. दिवसभर ते मोकळे हिंडत, तिथलं पाणी पीत. सूर्य मावळायच्या आत झोपडीत जात, उजाडेपर्यंत बाहेर पडत नसत, आणि खिडक्या मुद्दाम उघड्या ठेवून तीच बदनाम हवा घेत झोपत. क्विनाइन घेतलं नाही. जुलै ते ऑक्टोबर असे ते राहिले. आजूबाजूचे लोक तापानं फणफणत होते. झोपडीतल्या कुणालाही मलेरिया झाला नाही. त्याच उन्हाळ्यात इटलीतले मलेरियाची बाधा झालेले डास लंडनला नेऊन पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरच्या मुलाला चावू दिले, आणि रोमच्या दलदलीपासून इतक्या लांब त्याला मलेरिया झाला. हवा निर्दोष ठरली. खिडकीच्या जाळीनं वैद्यकशास्त्रात साक्ष दिली ती अशी.

तेव्हापासून ही साक्ष पुन्हा पुन्हा मिळाली आहे. आफ्रिकेतल्या गाम्बियात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दारं-खिडक्यांना जाळी लावलेल्या आणि छताखालच्या फटी बुजवलेल्या घरांत मलेरियाचे डास निम्म्याहून कमी शिरले. जाळी नसलेल्या घरांत १०० पैकी ३० मुलांना रक्तक्षय होता, जाळीच्या घरांत सुमारे २० मुलांना. औषध नाही, फवारणी नाही, नुसती जाळी आणि बुजवलेल्या फटी.

मग मराठवाड्यातल्या जुन्या माणसांनी काय केलं? त्यांनी खिडक्याच ठेवल्या नाहीत. औसा-निलंग्याकडची जुनी घरं आठवा: दोन-अडीच फूट रुंद दगडी भिंती, दगड मातीत बसवलेला, वर लाकडी तुळया आणि त्यावर मातीचं जाड माळवद. उजेडासाठी छताला एक साणं, भिंतीत एखादा झरोका. मे महिन्याचं ऊन बाहेर राही आणि रात्री देवळीतला दिवा बाहेरून दिसतही नसे, त्यामुळे पाखरं, भुंगेरे फिरकत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, आणि त्याच जाडजूड भिंतींनी हजारो माणसं गाडली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसली. घरं हलकी झाली, भिंती पातळ झाल्या, सिमेंटच्या चौकटींत खिडक्या आल्या. लातूरच्या या भागात खिडकीची जाळी ही गरज झाली तिच्यामागे हा भूकंपही आहे.

जुनं घर किड्यांपासून सुरक्षित होतं असं मात्र समजू नये. त्या मातीच्या भिंतींच्या भेगांत, शेणाच्या ओलीत, वाळूमाशी वाढते. हिची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. दोन-तीन मिलिमीटर लांबीची, केसाळ, बसताना पंख उंच उभे धरणारी, आणि गुणगुण अजिबात न करणारी. धड उडताही येत नाही. भिंतीवरून टुणटुण उड्या मारत जमिनीलगत फिरते. अंग इतकं बारीक की सव्वा मिलिमीटरच्या भोकातून ती आरामात पार होते. आपली वेस तिच्यासाठी सताड उघडीच असते. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा गावात ताप आलेल्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला एक नवा विषाणू सापडला, आणि गावाच्या नावानंच तो जगात ओळखला जातो. वाळूमाशी तो पसरवते. २००३ मध्ये नांदेडच्या सीमेपलीकडच्या, तेव्हाच्या आंध्र प्रदेशात मेंदूज्वराच्या साथीत ३२९ मुलं आजारी पडली आणि १८३ दगावली. कारण हाच विषाणू. २०२४ मध्ये गुजरातेत तो पुन्हा उफाळला. दगावतात ती मुख्यतः लहान मुलं, आणि कित्येकदा ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत.

तिच्यासाठी आणखी बारीक जाळी लावता येते, पण मग वारा अडतो. साध्या जाळीतही मोकळी जागा दोन-तृतीयांशच असते, आणि वैशाखात नांदेडच्या रात्री वारा अडवणं परवडणारं नाही. वाळूमाशीचा बंदोबस्त भिंतीवरच करावा लागतो: भेगा लिंपून बुजवणं, शेणाचा ढीग आणि गोठा झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवणं, लहान मुलांना जमिनीवर न झोपवणं आणि बारीक विणीच्या मच्छरदाणीत झोपवणं. जुन्या बाया सणासुदीला भिंती सारवत, तेव्हा वाळूमाशीच्या बाळंतखोल्याही बुजत असत.

आणि शेवटी एडिस, पायांवर पांढरे पट्टे असलेला डेंगीचा डास. दिवेलागणीला दारं-खिडक्या लावायची आपली सवय मलेरियाच्या आणि गटारीच्या डासांवर लागू पडते, कारण ते संध्याकाळी-रात्री चावतात. एडिस दिवसा चावतो. मुलं शाळेला निघताना आणि शाळेतून परतताना. खिडकी सहा वाजता बंद करणाऱ्या घरात त्याचं दिवसभराचं काम आटोपलेलं असतं. शिवाय त्याला खिडकी लागतेच कशाला? तो रांजणात, बॅरलमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत जन्मतो.

लातूरकरांना हे सांगताना जीव तुटतो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १० वाघिणींची, ५ लाख लिटर पाण्याची. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात माणूस पाणी साठवणार नाही तर काय करणार? पण एडिसच्या अंड्याचा डास व्हायलाही आठ-दहा दिवसच लागतात. पाणीटंचाईचं वेळापत्रक आणि डासाचं वेळापत्रक असं जुळतं. लातुरात म्हणून पहिली जाळी खिडकीआधी बॅरलवर हवी. जुन्या धोतराचं घट्ट बांधलेलं फडकंही चालतं.

कूलरचंही तेच. मार्चमध्ये आपण खिडकीतली जाळी काढतो आणि त्या चौकटीत कूलर बसवतो. एडिसची मादी अंडी पाण्यात घालत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, टाकीच्या ओल्या भिंतीला चिकटवते. पाणी आटलं, कूलर गच्चीवर गेला, हिवाळा उलटला, तरी ती अंडी कोरडी चिकटून जिवंत राहू शकतात. पुढच्या मार्चमध्ये पाण्याचा पहिला पाइप सोडला की ती जागी होतात. म्हणून आठवड्याचा कोरडा दिवस पाळताना टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, काथ्यानं किंवा ब्रशनं भिंती खरवडाव्या लागतात.

नांदेड जिल्ह्यानं मात्र खिडकीच्याही पलीकडे जाऊन विचार केला. हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघर शोषखड्डे घेतले. चारेक फूट खोल खड्डा, त्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगड-गोटे. न्हाणीचं आणि मोरीचं पाणी गटारीत न साचता जमिनीत मुरतं. गटारीच्या क्युलेक्स डासाला अंडी घालायला साचलेलं घाण पाणीच उरलं नाही आणि गाव डासमुक्त म्हणून ओळखलं जाऊ लागलं. पुढे हाच ‘नांदेड पॅटर्न’ इतर गावांनी उचलला. असंच एक काम शहरातल्या माणसालाही रविवारच्या एका सकाळी उरकता येतं: संडासाच्या टाकीचा जो उंच पाइप गच्चीच्या वर गेलेला असतो, त्याच्या तोंडाला नायलॉनच्या जाळीचा तुकडा तारेनं घट्ट बांधायचा. त्या टाकीतले डास त्याच पाइपातून वर येतात आणि बहुतेक घरांत तो उघडाच असतो.